सोडलेलं मांजर, आणलेलं मांजर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी मिरग लागायच्या आधी आमच्या घरात एक मांजर आलं. आलं म्हणणं खरं नाही, आम्ही आणलं. मालवणहून निघालो, कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरलो आणि तिथल्या एका प्राणी-निवाऱ्यातून ते घरी घेऊन आलो. भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटवर दुसरी क्रेट उलटी घालून सुतळीनं बांधली होती. आत ही बाई. वय चार-पाच वर्षं असावं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. करडा रंग, अंगावर पट्टे, शेपटीत मध्येच एक मोड आणि एका कानाचं टोक कापलेलं. कान कापलेला म्हणजे नसबंदी झालेली, अशी ती खूण असते. म्हापशाच्या बाजारात एका टेम्पोखाली सापडली, एवढाच तिचा पूर्वेतिहास.

क्रेट पडवीत ठेवली तशा शेजारच्या काकी बघायला आल्या. वाकून आत डोकावल्या आणि आमच्या घरातून म्हणाल्या तशा सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गे भाभी, ह्या तर मोठा माजर! एवढ्या मोठ्या माजराक कोण घरात घेता? पिल्लू हाडूचा होता. ह्या खयचा ऱ्हवता!"

काकींचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे मांजर कुणी विचारपूर्वक आणत नाही. पिल्लू असेल तर कुणाच्या तरी माळ्यावर व्यालेल्या मांजरीचं, डोळे उघडले की मागून आणायचं. मोठं मांजर असेल तर ते आपण होऊन येतं. एक दिवस खळ्यात बसलेलं दिसतं, दुसऱ्या दिवशी पडवीत, आठवड्यानं चुलीपाशी. पूर्वी त्याला कामही होतं. भाताची कणगी, माळ्यावरची सुकी खोबरी आणि खारवलेलं सुकं यांवर उंदीर-घुशींचा डोळा, आणि उंदीर-घुशींवर मांजराचा. कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मग जे मांजर दुसऱ्या कुठल्या तरी घराला धरून चार वर्षं राहिलं, ते तुमच्या घराला कशाला धरील? काकींचा प्रश्न असा होता.

या समजुतीचा आमच्या जिल्ह्यात एक फार दुःखी अर्थ होतो. इथं घरं बंद असतात. गिरणीच्या काळापासून माणूस मुंबईला आणि घराला कुलूप, ही कोकणची रीत. गणपतीत चाकरमानी येतात, दहा-बारा दिवस घरात दिवा लागतो, बांगड्याची डोकी आणि सुंगटांची सालं परसात पडतात, दोन-तीन मांजरं घराला धरून बसतात. गौरी-गणपती गेले की गाड्या सुटतात. मांजर मात्र घराला धरूनच असतं. गेल्या गणपतीनंतर मी आमच्या वाडीतून फिरताना अशी मांजरं पाहिली. बंद दाराच्या उंबऱ्यावर तोंड दाराकडे करून बसलेली.

आणि सोडून येणं ही दुसरी रीत. ती आपण सगळ्यांनी केलेली आहे, फक्त बोलत नाही. मांजर चोरटं झालं किंवा वर्षाला दोनदा वीण होऊ लागली की गोणपाटात घालायचं, तोंड बांधायचं आणि लांब नेऊन सोडायचं. लांब म्हणजे शक्यतो पाण्यापलीकडे, कारण मांजर वाट काढत परत येतं, पण खाडी ओलांडत नाही असं म्हणतात. मच्छीमार्केटजवळ सोडलं तर मनाला जास्त बरं वाटतं. खायला मिळेल ना त्याला, असं आपणच आपल्याला सांगतो.

मी दहा वर्षांचा असताना आमच्या चुलत्यांनी अशी एक गोण माझ्या हातात दिली. आमची मांजर वाळत घातलेल्या सुक्यावर चढायची, एवढाच तिचा गुन्हा. होडीतून खाडीपलीकडे गेलो, गोण उघडली. ती बाहेर आली, अंग चाटलं आणि माझ्याकडे बघत बसली. मी होडीत येऊन बसलो. आठ-दहा दिवसांनी होडीवाला सांगायला लागला की होडी लागायच्या वेळी ती रोज उतारावर येऊन बसते, उतरणाऱ्या माणसांची तोंडं बघते. हे त्यानं मला दोन-तीनदा सांगितलं. मी गेलो नाही. पुढं त्यानं सांगायचं बंद केलं.

घरी दादीला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही. तिनं एक गोष्ट सांगितली. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. त्याला खायलाही दिलं नाही आणि आपलं आपण काही मारून खावं म्हणून सोडलंही नाही. ते मेलं आणि त्या एका कारणानं ती बाई दोजखात गेली. ही हदीसमधली गोष्ट आहे, मुसलमान घरांत सगळ्यांनी ऐकलेली. मी म्हटलं, "दादी, पण मी तर सोडलं." दादी काही बोलली नाही.

मांजराच्या बाबतीत आमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पैगंबरांचे एक सोबती अबू हुरैरा. हे त्यांचं खरं नाव नव्हे, टोपणनाव, आणि त्याचा अर्थ मांजराच्या पिल्लाचा बाप. दुसरे सोबती अबू कतादा. वजूसाठी ठेवलेल्या पाण्याला मांजरानं तोंड लावलं, तर त्यांनी भांडं कलतं करून तिला नीट पिऊ दिलं, आणि मांजर नापाक नसतं, ते तर तुमच्यातच ये-जा करणारं, असं पैगंबरांचं म्हणणं सांगितलं. झोपलेल्या मांजराची झोप मोडू नये म्हणून पैगंबरांनी अंगरख्याची बाही कापली, ही सर्वांत लोकप्रिय गोष्ट मात्र जुन्या हदीस-संग्रहांत नाही. लोकांना आवडते म्हणून सांगितली जाते. मला भांडं कलतं करणारे अबू कतादाच जास्त जवळचे वाटतात. बाही कापणं मोठ्यांचं काम. भांडं कुणालाही कलतं करता येतं.

हिंदू शेजाऱ्यांकडे याच्या जोडीला दुसरी गोष्ट होती. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. लहानपणी या सोन्याच्या मांजराची आम्हाला फार उत्सुकता होती. केवढं करायचं, पोकळ चालेल का, वगैरे. मनुस्मृतीतही मांजर मारण्याला प्रायश्चित्त सांगितलेलं आहे. बंगालात मुलाबाळांची राखण करणारी षष्ठी देवी मांजरावर बसते, आणि आपली सटवाई तिच्याच नात्यातली. तेव्हा मांजराला मारायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत. सोडून येण्याला मात्र प्रायश्चित्त मला कुणाच्याच घरात सापडलं नाही. सोन्याचं नाही, चांदीचं नाही, साधं मातीचंही नाही. मांजराला मारू नका इथपर्यंत आपण कधीच पोचलो होतो. त्याला घरात घ्या, आणि तेही मोठं झालेलं, कुणीतरी टाकलेलं, हे कुणी कधी म्हटलं का, असा प्रश्न मला गोव्याहून येताना पडला. बी.ए.ला माझा इतिहास होता. त्या जोरावर थोडी शोधाशोध केली, तीच आज सांगतो.

या किनाऱ्यावरून १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक रोमचा प्रवासी गेला. सुरत, खंबायत बघून तो पुढं गोव्याला आला. खंबायतेला त्यानं पक्ष्यांचं इस्पितळ पाहिलं. आजारी, पंख मोडलेले, जोडीदार गेलेले पक्षी तिथं ठेवत. जनावरांसाठीही वेगळी जागा होती. त्याला याचं मोठं नवल वाटलं. गंमत म्हणजे हाच मनुष्य मांजरवेडा होता. तीनच वर्षांपूर्वी इराणात असताना खुरासानच्या लांब केसांच्या मांजरांवर त्याचा जीव जडला, आणि ती रोमला न्यायचा बेत त्यानं पत्रातून कळवला होता. युरोपात आज ज्याला पर्शियन मांजर म्हणतात, त्याची पहिली खबर बहुधा त्याचीच. म्हणजे मांजर पसंत करून, रंगरूप बघून दूरदेशी न्यायचं, हे साहेबाच्या मुलखात होतं. आणि कुणालाच नको असलेल्या जिवाला मरेपर्यंत सांभाळायचं, हे आपल्याकडे. दोन्हींना प्राण्यांची आवडच म्हणतात.

आपल्याकडच्या या रीतीला मुंबईत मोठं रूप आलं ते एका दंग्यातून. भटकी कुत्री मारण्याचा कायदा इंग्रजांनी १८१३ मध्येच केला होता. १८३२ साली मारण्याची मुदत वाढवली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागले. आठ आण्यांसाठी मारेकरी घराच्या अंगणातली कुत्री ओढून न्यायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान. मृताचं अखेरचं दर्शन कुत्र्याला घडवतात, त्या विधीला सगदीद म्हणतात. ६ जून १८३२ ला, त्यांच्या पवित्र दिवशी, पारश्यांचा जमाव कुत्री पकडणाऱ्या पोलिसांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन आणि मुसलमानांतले इस्माइली व्यापारीही त्यात आले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला भाकरी आणि पाणी पोचेना, तेव्हा सरकारला जाग आली आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मुंबई शहरातल्या पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी हा एक, आणि तो झाला कुत्र्यांवरून. पुढच्या दंग्यांची कारणं बघितली की हा दंगा मला जवळजवळ हवाहवासा वाटतो.

या प्रकरणात मध्यस्थी करणाऱ्यांत जमशेटजी जीजीभाई होते. तेव्हा ते अजून 'सर' झाले नव्हते. ते आणि जैन पेढीवाले मोतीशा शेठ यांनी पुढाकार घेतला आणि १८३४ मध्ये भुलेश्वरला मुंबईचा पांजरपोळ सुरू झाला. कुत्री मारू नका, आमच्याकडे द्या, आम्ही सांभाळतो, अशी ती मांडणी होती. व्यापाऱ्यांनी मालावर आपण होऊन लाग बसवली आणि खर्च चालवला. आज तिथं मुख्यतः गाई-गुरं दिसतात, पण मुळात ती संस्था उभी राहिली ती भटक्या कुत्र्यांपायी, हे भुलेश्वरला खरेदीला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

पांजरपोळात जनावर जायचं ते कायमचं. म्हातारं, लंगडं, आंधळं, जसं असेल तसं आत घ्यायचं आणि त्याच्या मरणापर्यंत दाणा-वैरण घालायची. त्यात मोठी करुणा होती. पण तिथून एखादं जनावर उचलून कुणी आपल्या घरी न्यावं, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. पांजरपोळ आसरा द्यायचा. घर ही वेगळी गोष्ट.

पुढची पायरी परळला. जनावरांवरचं क्रौर्य थांबवण्यासाठी मुंबईत १८७४ मध्ये मंडळी स्थापन झाली. दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या, साकरबाईंच्या नावानं परळला जनावरांचं इस्पितळ उभारायला पैसा दिला. १८८३ मध्ये ते स्थापन झालं, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते १८८४ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं, आणि त्याच्या आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय आलं. 'बैलघोडा हॉस्पिटल' हे त्याचं मुंबईकरांच्या तोंडातलं नाव. नावातच बघा, बैल आहे, घोडा आहे. मांजर नाही. जे गाडी ओढत नाही त्याला नावात जागा मिळायला वेळ लागतो.

त्याच सुमाराला लंडनमध्ये वेगळं काही चाललं होतं. मेरी टील्बी या बाईंनी १८६० मध्ये हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर काढलं. लोकांनी चेष्टा केली. पुढं ते बॅटरसीला गेलं आणि १८८३ पासून, म्हणजे परळचं इस्पितळ स्थापन झालं त्याच वर्षापासून, तिथं मांजरंही घेऊ लागले. तिथली पद्धत अशी की जनावर थोडे दिवस ठेवायचं, मालक शोधायचा, नाही सापडला तर नवं घर बघायचं. त्याचबरोबर हेही सांगायला हवं की ज्यांना घर मिळालं नाही अशी हजारो जनावरं तिथं मारलीही गेली. पांजरपोळात घर नव्हतं, पण मरणही नव्हतं. बॅटरसीत घर होतं आणि मरणही. आज जगभर जे निवारे आहेत ते या दोन वाटांच्या मधून कुठून तरी चालतात.

'दत्तक' हा शब्द प्राण्यांना लावतात तो आपल्याकडे अलीकडे. मला तो थोडा खटकतो. आमच्या शरीयतमध्ये दत्तक नाही, कफालत आहे. पोरक्या मुलाला आपलं नाव आणि आपला वंश देता येत नाही. त्याचा सांभाळ करायचा, ताट वाढायचं, त्याचं जे आहे ते त्याचं राहू द्यायचं. मोठं मांजर घरी आणण्याला हा शब्द बरोबर लागू पडतो असं मला वाटतं. ते तुमचं मूल होत नाही. चार वर्षं त्याची स्वतःची आहेत.

मग टाकलेल्या, म्हाताऱ्या, निरुपयोगी प्राण्याला घरात ठेवण्याची चाल एकोणिसाव्या शतकातली, असं समजायचं का? मी तसंच समजत होतो. नंतर बेरेनिकेची हकीगत वाचली. तांबड्या समुद्राच्या काठी, इजिप्तच्या वाळवंटात हे रोमन काळातलं बंदर. दोन हजार वर्षांपूर्वी इथून सुटलेली गलबतं पावसाळी वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्याला येत आणि मिरी भरून परत जात. तिथल्या देवळाच्या जागेत भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली आहे. याच गावाबाहेर, कचरा टाकायच्या जागेत, २०११ पासून एक स्मशान उकरलं गेलं, तेही पाळीव जनावरांचं. पोलंडच्या मार्ता ओसिपिन्स्का यांनी तिथल्या ५८५ प्राण्यांचा अभ्यास मांडला. त्यांत दहातली नऊहून जास्त मांजरं. देवाला वाहिलेली नव्हेत, मसाला भरून ममी केलेली नव्हेत. झोपल्यासारखी नीट ठेवलेली, काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टा, काहींच्या गळ्यात मण्यांची माळ. भारतातून गेलेली माकडंही तिथं पुरलेली आहेत. आणि या प्राण्यांत काही म्हातारे होते, दात गेलेले, आजारी. असा प्राणी वाळवंटात दोन दिवस टिकत नाही. तो म्हातारा झाला याचा अर्थ कुणीतरी त्याला मऊ करून भरवत होतं.

त्या बंदरात गोडं पाणी उंटावरून यायचं. धान्य बाहेरून यायचं. उंदरांसाठी मांजर पाळलं, इथपर्यंत हिशेब समजतो. दात गेलेलं मांजर उंदीर मारत नाही. तरी त्याला ताट होतं. आमच्या मालवणच्या जेटीवर बसून मी हे वाचत होतो, आणि पलीकडं ट्रॉलरमधून पेडवे उतरत होते, आणि मांजरं आपापल्या जागी बसलेली होती.

उपयोगाचा हिशेब मात्र आपली पाठ सोडत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. गिरणगावातली कोकणी माणसं बोटीतून गावाकडे पळाली. उंदरावरच्या पिसवेमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीला दाखवलं. लोकांना ते पटायला पुढं दहा वर्षं गेली. पटल्यावर अमरावतीच्या अँड्र्यू ब्यूकॅनन या सिव्हिल सर्जननं वऱ्हाडातल्या गावांमधून मांजरांची खानेसुमारी केली. घरं किती, मांजरं किती, प्लेग किती. मांजरं भरपूर तिथं प्लेग कमी, असा त्याचा निष्कर्ष, आणि १९०८ च्या सुमारास त्यानं तो वैद्यकीय मासिकांतून हिरिरीनं मांडला. घरोघर मांजर पाळा, असा त्याचा आग्रह होता. सगळ्या शास्त्रज्ञांना तो मान्य झाला नाही, कारण मांजरालाही प्लेग होऊ शकतो. तरी मला ब्यूकॅननसाहेबाचं कौतुक वाटतं. मांजरं अशी घरोघर जाऊन मोजली गेली ती तेव्हा. माणसं मरत होती म्हणून मोजली, हे खरं.

स्वातंत्र्यानंतर भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत गेल्या आणि जनावरांच्या छळाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक आणलं. सरकारनं त्यांना ते मागं घ्यायला लावलं आणि नंतर आपला कायदा केला, तो १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात एक पोटकलम आहे. उपासमारीनं, तहानेनं हाल होतील अशा परिस्थितीत विनाकारण जनावर सोडून देणं हा गुन्हा. माझ्या गोणीला शेवटी एक कायदा सापडला. शिक्षाही सांगतो: पहिल्या गुन्ह्याला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत दंड. जुना आकडा, अजून तोच आहे. पन्नास रुपयांत आज मालवणात चार बांगडे मिळत नाहीत.

कुत्र्यांना मारण्याऐवजी नसबंदी, असे नियम २००१ मध्ये आले, ते २०२३ मध्ये नव्यानं झाले. मुंबई महापालिकेनं मांजरांची नसबंदी सुरू केली ती २०१९ मध्ये. खाली गोव्यात आसगावला १९९८ पासून एक प्राणी-संस्था काम करते, नंतर तिकडे आणखीही निघाल्या. आम्ही ज्या निवाऱ्यात गेलो तिथल्या बाईंनी सांगितलं की पावसाळ्यात पिल्लांची रीघ लागते, आणि पिल्लं जातातही. सुंदर असतात, हातात मावतात, फोटो चांगला येतो. मोठं मांजर पिंजऱ्याच्या मागल्या कोपऱ्यात बसतं, तोंड फिरवून. लोकांना वाटतं माणसाळलेलं नाही. खरं तर ते घाबरलेलं असतं, आणि ते कसं आहे हे मोठ्याचंच आधी सांगता येतं. पिल्लाचं काय, ते मोठं होऊन कसं निघेल ते अल्ला जाणे.

घरी आणण्याआधी एक फॉर्म भरावा लागला. घर स्वतःचं की भाड्याचं, विहिरीला कठडा आहे का, गावी गेलात तर मांजराकडे कोण बघेल. आम्ही म्हटलं, "बाई, आम्ही गावातच राहतो, लोक आमच्याकडे गावी येतात." त्या हसल्या. पुढचा प्रश्न होता: यापूर्वी मांजर पाळलं होतं का, आणि त्याचं काय झालं? मी पेन घेऊन बसलो. आमची ही बाजूला उभी होती, तिला ती गोष्ट ठाऊक नव्हती. मी लिहिलं, "पाळलं होतं. खाडीपलीकडे सोडलं." बाईंनी फॉर्म वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली सही केली.

पहिले अठरा दिवस ती कपाटाखाली होती. त्यांनी सांगून ठेवलं होतं, तसं एकाच खोलीत ठेवलं. सगळं घर एकदम दाखवू नका, तिला आधी चार भिंतींचा वास कळू द्या. हात घालून ओढू नका. तिथं जे खायची तेच आठवडाभर द्या, मग आपलं सुरू करा. वाळूचा डबा एका कोपऱ्यात, ताट दुसऱ्या, कारण आपण संडासात जेवत नाही तशी तीही नाही. माणसानं जमिनीवर बसावं, तिच्याकडे टक लावून बघू नये, आपलं काहीतरी करावं. मी तिथं बसून वाचत असे. माझ्या कविता मी आजवर एवढ्या शांत श्रोत्यासमोर कधी वाचल्या नव्हत्या. ताट रात्री रिकामं व्हायचं, एवढाच तिचा आमच्याशी संबंध. अकराव्या दिवशी आमची ही म्हणाली, "अहो, काकी म्हणतात तसंच होणार. दार उघडं राहिलं की जाईल ही." मलाही तसं वाटत होतं, पण मी बोललो नाही.

एकोणिसाव्या दिवशी फजरच्या वेळी मी वजू करत होतो. बादलीतला तांब्या भरून बाजूला ठेवला होता. ती कपाटाखालून निघाली, उंबऱ्यावर थांबली, माझ्याकडे बघितलं. मग सरळ येऊन तांब्यात तोंड घालायला लागली. तांब्याचं तोंड अरुंद, तिची जीभ पोचेना. मी तांब्या कलता केला.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. तिनं दोन परदे फाडले आणि काकींच्या सुक्यावर एकदा चढलीच. महिनाभरानं दार उघडं ठेवलं तेव्हा सबंध दिवस दिसली नाही, आणि त्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. दिवेलागणीला विहिरीच्या कठड्यावर बसलेली सापडली. अजून मांडीवर येत नाही. पुढच्या महिन्यात आम्हाला मुलीकडे मुंबईला जायचं आहे, तेव्हा तिला कोण बघणार हा प्रश्न होता. काल काकी वर्तमानपत्रात गुंडाळून पेडव्यांची डोकी घेऊन आल्या, खोलीभर बघितलं आणि म्हणाल्या, "खय गेला ता? किल्ली माझ्याकडे देवन जावा. आणि त्याका मुडदुशा चलतत काय, ता सांगा."